अनामिकांचें अभिज्ञान

समीक्षेस विषय म्हणून मासिकांच्या पृष्ठांवर कादंबऱ्या येतात, काव्यें येतात, नाटकें येतात. क्वचित् एखादें चरित्र किंवा प्रवासवर्णनही येतें. आज आम्ही ज्या गद्याचा परामर्श घेणार आहों, त्यास कर्ता नाहीं, प्रकाशक नाहीं आणि किंमतही नाहीं. पोलिस ठाण्याच्या बाहेरील फलकावर, रुग्णालयाच्या व्हरांड्यांत, किंवा वर्तमानपत्राच्या आंतील पानाच्या कोपऱ्यांत तें चार सहा ओळींत उभें असतें, आणि त्याकडे पाहून वाचक पुढें जातो. अनोळखी प्रेताची ओळख पटविण्यासाठीं काढलेलें निवेदन, हें तें गद्य होय. रत्नागिरींत आमचा जाण्यायेण्याचा रस्ता अशाच एका फलकावरून जातो. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही तीं निवेदनें वाचीत आलों आहों. आणि साहित्याचा अध्यापक म्हणून त्यांविषयीं आम्हांस जें वाटत आलें तें, आणि त्यांतील आमचा स्वतःचा एक अपराध, आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम एक नमुना पाहूं. तो आमचाच रचलेला आहे, परंतु फलकावरील निवेदनांहून तो फारसा निराळा नाहीं. “अनोळखी पुरुष. वय अंदाजें ४० ते ४५. रंग सांवळा. बांधा मध्यम. उंची पांच फूट चार इंच. अंगांत निळा शर्ट. वरील वर्णनाच्या इसमाबाबत कोणास माहिती असल्यास संपर्क साधावा.” या गद्यांत व्याकरणाचा दोष नाहीं, अलंकारांचा सोस नाहीं, शब्दांचा अपव्ययही नाहीं. शैलीच्या पाठ्यपुस्तकांतील संक्षेपाचे सर्व नियम येथें पाळलेले आहेत. आणि तरीही हें वाईट गद्य आहे असें आम्ही म्हणतों. कारण गद्याचें मोल त्याच्या प्रयोजनावरून ठरावयाचें. आणि या गद्याचें प्रयोजन एकच आहे : कोट्यवधि माणसांतील ज्या चारपांच माणसांस हा मनुष्य आपला आहे, त्यांच्यापैकीं एकानें तरी वाचतां वाचतां थबकावें. सांवळा रंग, मध्यम बांधा, निळा शर्ट या शब्दांनीं कोण थबकणार? या वर्णनाचीं शंभर माणसें आमच्या बाजारांत आठवड्याच्या कोणत्याही दिवशीं भेटतील. जें वर्णन सर्वांस लागू पडतें तें कोणाचेंच नव्हे.

हा विषय आम्हीं कोठून तरी ओढून आणिला असें वाचकांनीं समजूं नये. सह्याद्रीचे कडे आणि समुद्र यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टींत नद्या लहान, उतार तीव्र आणि पाऊस अफाट. पाणी जें उचलतें तें कोठें नेऊन टाकील याचा नेम नसतो. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ज्यांचीं प्रेतें किनाऱ्यास लागलीं त्यांच्या घरीं आकांत झाला. ज्यांचीं लागलीं नाहींत त्यांच्या घरीं आकांत करावा कीं वाट पाहावी हाच प्रश्न उरला. त्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतील पूल पुरांत कोसळला, आणि जयगडहून व राजापूरहून मुंबईच्या बाजूस निघालेल्या दोन एस. टी. गाड्या नदींत गेल्या. दोन्ही गाड्या आमच्या जिल्ह्यांतून निघालेल्या. पुढचे कित्येक दिवस प्रेतें नदीच्या मुखापर्यंत, खाडींत, आणि दक्षिणेस थेट दापोली तालुक्यांतील आंजर्ल्याच्या वाळूपर्यंत सांपडत होतीं. २०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळांत मुंबईनजीकच्या समुद्रांत ‘पी-३०५’ नांवाचा तराफा २६१ माणसांसह बुडाला, तेव्हांही अनेक मृतांची ओळख चेहऱ्यावरून पटेना. रक्ताच्या नातलगांचे नमुने घेऊन डी.एन.ए. परीक्षा करावी लागली. म्हणून हा प्रश्न आमच्या किनाऱ्यास परका नाहीं.

साहित्यास तर तो मुळींच परका नाहीं. ओळख पटणें हा जगांतील नाट्याचा अत्यंत जुना मर्मबिंदु आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत अभिज्ञानाचे प्रकार सांगितले असून, व्रण, गळ्यांतील माळ अशा बाह्य खुणांवरून पटणारी ओळख ही त्यानें कलादृष्ट्या सर्वांत हलकी मानिली आहे. कथानकाच्या ओघांतूनच जी उलगडते ती त्याच्या मतें सर्वोत्तम. ओडिसियस वीस वर्षांनीं घरीं येतो आणि पाय धुतांना म्हातारी दाई त्याच्या मांडीवरील रानडुकराच्या सुळ्याचा व्रण पाहून त्यास ओळखते, हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. आम्हीं हें विवेचन अनेक वर्षें वर्गांत शिकविलें, आणि ॲरिस्टॉटलचा निर्णय निमूटपणें मान्यही केला. आज आम्हांस असें वाटतें कीं, रंगभूमीवर जी खूण हलकी ठरते तीच शवागारांत सर्वस्व असते. जिवंत मनुष्य बोलून, वागून आपली ओळख देऊं शकतो. मृताजवळ बोलावयास खुणेखेरीज दुसरें कांहीं उरलेलें नसतें.

आमच्या कालिदासानें या बाबतींत अधिक खोल पाहिलें आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’चा चौथा अंक सर्वजण डोक्यावर घेतात, परंतु सहाव्या अंकाच्या प्रवेशकाकडे रसिकांचें जावें तितकें लक्ष जात नाहीं. एका कोळ्यास रोहित मत्स्याच्या पोटांत राजाची मुद्रिका सांपडते, शिपाई त्यास चोर समजून बांधून आणतात, दटावतात. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही पोलिस चौकशीच आहे. या प्रवेशकाची खरी गंमत अशी कीं, एकच मुद्रिका तीन जणांच्या हातांत तीन निरनिराळ्या वस्तु होते. कोळ्यास ती चार पैसे देणारी चीज आहे, शिपायांस ती चोरीचा मुद्देमाल आहे, आणि दुष्यंताच्या दृष्टीस पडतांच ती शकुंतला होते. खूण स्वतः कांहींच बोलत नाहीं. ती जाणणाऱ्याच्या दृष्टीस पडावी लागते. निवेदन लिहिणें म्हणजे मुद्रिका राजापर्यंत पोंचविणें होय. फलकावरील गद्य बहुधा शिपायांच्या हातांतच राहतें, हें त्याचें वैगुण्य.

याचें एक कारण कायद्यांत आहे, हें न सांगतां दोष देणें अन्यायाचें होईल. अकस्मात मृत्यूचा पंचनामा ज्या कलमान्वयें होतो, तें पूर्वीं फौजदारी प्रक्रिया संहितेंत १७४ वें होतें. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें १९४ वें झालें आहे. पंचांसमक्ष शरीरावरील जखमा, अस्थिभंग, ओरखडे यांचें वर्णन करून मृत्यूचें कारण काय दिसतें तें लिहावें, असा त्याचा आशय. म्हणजे कायद्याचा पहिला प्रश्न “हा कसा मेला?” असा आहे, “हा कोण होता?” हा प्रश्न त्याच्या मागून येतो. ज्या नजरेनें शरीर पाहिलें जातें ती जखम शोधणारी नजर असते, आयुष्य शोधणारी नव्हे. निवेदन त्याच पंचनाम्यांतून उचललें जातें, आणि मग त्यांत माणूस न उरतां माप उरतें.

आयुष्य शोधणाऱ्या नजरेचा एक उत्कृष्ट नमुना मात्र आमच्याच इतिहासांत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित त्या समयीं तेथें हजर होता, आणि १७८० मध्यें त्यानें त्या युद्धाची हकीकत फारसींत लिहून ठेविली. ब्राउन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तिचें इंग्रजी भाषांतर केलें. रणांगणावरील ढिगाऱ्याखालीं शिर नसलेलें एक धड सांपडलें. त्याजवळ मोलाचीं मोत्यें मिळालीं, म्हणून तें कोणा थोराचें असावें असा तर्क झाला. तेव्हां सदाशिवरावभाऊंस ज्यांनीं जिवंतपणीं पाहिलें होतें अशा मराठ्यांच्या वकिलांस व इतर मंडळींस बोलावून तें दाखविण्यांत आलें. त्यांनीं तें कशावरून ओळखिलें तें काशीराज क्रमानें सांगतो : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफरखानाच्या हल्ल्यांतील कट्यारीचा जुना वार, तळपायावर शुभ मानलेल्या पद्ममत्स्याच्या रेषा. आणि शेवटीं तो म्हणतो कीं, भाऊ नित्य बाराशें सूर्यनमस्कार घालीत, त्यांचे घट्टे या धडाच्या गुडघ्यांवर व हातांवर होते.

या चार खुणांची रचना वाचकांनीं नीट पाहावी. पहिली जन्मानें दिलेली, दुसरी एका घटनेनें दिलेली, तिसरी दैवानें दिलेली असें मानलेली, आणि चौथी रोजच्या सवयीनें दिलेली. यांत रंग नाहीं, बांध्याविषयीं एखादाच शब्द आहे, आणि वय आहे तें चुकलेलें आहे! काशीराज त्या देहाचें वय सुमारें पस्तीस सांगतो. भाऊंचा जन्म १७३० चा, म्हणजे ते तिशींत होते. जाणत्या मंडळींच्या समक्ष पाहिलेल्या देहाच्या वयांतही पांच वर्षांची चूक पडते. आणि आमच्या निवेदनांत तर वय हेंच पहिलें वाक्य असतें. उलट गुडघ्यांवरील घट्टे खोटें बोलूं शकत नाहींत. वर्षानुवर्षें पहाटे उठून केलेला एक नेम त्या कातडीवर लिहिलेला होता, आणि शिर गेल्यावरही तो वाचितां आला. अवघ्या चार खुणांत याहून चांगलें चरित्र आम्हीं वाचलेलें नाहीं.

अशीच अक्षरें आमच्या भोंवतालच्या प्रत्येक देहावर असतात. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या पावलांस घट्टे पडतात. दोर ओढणाऱ्या खलाशाच्या तळहातांवर आडव्या रेषा उमटतात. शिंप्याच्या बोटाच्या टोंकास सुईच्या टोंचण्या असतात. काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांस चिकानें काळे डाग पडतात. हें सर्व पाहावयास शास्त्रज्ञ लागत नाहीं. हा कोण असेल, असा प्रश्न मनांत असलेला मनुष्य लागतो.

परंतु काशीराजाच्या या हकीकतीस एक उत्तरार्ध आहे, आणि तो आमच्या रत्नागिरीचा आहे. एवढ्या काळजीनें पटविलेली ओळख पुण्याच्या मनास पटली नाहीं. पार्वतीबाईंनीं पतीचें मरण मानिलें नाहीं. १७८३ मध्यें देह ठेवीपर्यंत त्या सौभाग्यचिन्हें धारण करून राहिल्या. ज्या जागीं प्रेत असावयाचें ती जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेंत कोणी तरी येऊन बसतोच. मीच भाऊ, असें म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण उत्तरेंत निघाला. त्यास पकडून चौकशी होऊन तो तोतया ठरला, आणि पुढें त्यास रत्नागिरीच्या किल्ल्यांत अटकेंत ठेविलें. १७७६ मध्यें येथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्यास बाहेर काढून त्याचा पक्ष उचलिला. हजारों लोक त्यास मिळाले. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले. तो घाट चढून वर आला. अखेर शिंदे व पानसे यांनीं त्याचा मोड केला, आंग्र्यांनीं त्यास धरिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्याचा वध झाला. न. चिं. केळकरांनीं या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हें नाटक लिहिलें, हें नाट्यरसिकांस ठाऊकच आहे.

या बंडाकडे इतिहासकार राजकारण म्हणून पाहतात व तें योग्यच आहे. आम्ही त्याकडे एका न पोंचलेल्या निवेदनाचा परिणाम म्हणून पाहतों. पानिपतच्या वकिलांनीं धड ओळखिलें. परंतु ज्या एका वाचकाच्या मनास तें पटावयास हवें होतें तो वाचक शेंकडों कोस दूर पुण्याच्या वाड्यांत होता. दुसरीही एक गोष्ट येथें शिकण्यासारखी आहे. तोतयास पाहून, हेच भाऊसाहेब, असें मानणारे लोक होते. आणि ते सर्वच लबाड होते असें मानण्याचें कारण नाहीं. मनुष्याचे डोळे जें पाहूं इच्छितात तें त्यांस दिसतें. म्हणूनच आज इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलिस संघटनेच्या मार्गदर्शक नियमांत, नातलगानें नुसता चेहरा पाहून पटविलेली ओळख पुरेशी मानीत नाहींत. बोटांचे ठसे, दांत आणि डी.एन.ए. हीं मुख्य साधनें. व्रण, गोंदण, कपडे, दागिने हीं दुय्यम, म्हणजे मुख्यांस पुष्टि देणारीं. बोटांच्या ठशांचें जगांतील पहिलें कार्यालय १८९७ मध्यें आपल्याच देशांत, कलकत्त्यास, निघालें, हें अभिमानानें सांगावयास हरकत नाहीं.

मग शास्त्र आलें, आतां वर्णनाचें काम संपलें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या दर्शनकारांनीं प्रत्यभिज्ञेचें उदाहरण म्हणून एक छोटें वाक्य पिढ्यान् पिढ्या वापरलें आहे : सोऽयं देवदत्तः, तोच हा देवदत्त. या वाक्यास दोन पाय आहेत, एक ‘तो’ आणि एक ‘हा’. पूर्वीं पाहिलेला तो, आणि आतां समोर असलेला हा. दोन्ही असल्यावांचून ओळख म्हणून कांहीं संभवत नाहीं. डी.एन.ए. परीक्षा कितीही सूक्ष्म असो, ती ‘हा’ सांगते. ताडून पाहावयास आईचा, भावाचा, लेकराचा नमुना नसेल तर ती एकतर्फी पत्रासारखी पडून राहते. ठशांचेंही तेंच, पूर्वीं कोठें तरी उमटविलेला ठसा हवा. इंटरपोलच्या पद्धतींत हें तत्त्व कागदाच्या रंगांतच उतरविलें आहे : बेपत्ता माणसाची, घरच्यांकडून मिळालेली माहिती पिवळ्या कागदावर, आणि मिळालेल्या प्रेताची माहिती गुलाबी कागदावर; दोन्हीवर तेच प्रश्न, त्याच क्रमानें. ओळख पटविणें म्हणजे योग्य पिवळा कागद योग्य गुलाबी कागदाशेजारीं ठेवणें.

आमच्याकडे हे दोन कागद दोन ठिकाणीं, दोन हातांनीं, दोन निराळ्या भाषांत लिहिले जातात. एका तालुक्यांत “घरांतून निघून गेले, परत आले नाहींत” अशी तक्रार होते; दुसऱ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर “अनोळखी पुरुष” सांपडतो. पहिला कागद प्रेमानें लिहिलेला असतो, म्हणून त्यांत स्वभाव असतो. दुसरा कर्तव्यानें लिहिलेला असतो, म्हणून त्यांत माप असतें. स्वभाव आणि माप यांची गांठ पडावी कशी? देशोदेशीं जे स्वयंसेवक या कामास वाहून घेतात, त्यांचें कार्य तत्त्वतः हेंच आहे : ‘तो’ आणि ‘हा’ यांची सांधणी. अमेरिकेंत वंशावळी जुळविण्याचा छंद असलेल्या लोकांनीं दूरच्या चुलत-मावस नात्यांचे डी.एन.ए. धागे धरून, दशकांपूर्वीं निनांवी पुरलेल्या माणसांचीं नांवें काढलीं आहेत.

या कामांत वाङ्मय कधीं साह्य करतें तर कधीं चकवितें. १ डिसेंबर १९४८ रोजीं ऑस्ट्रेलियांत ॲडलेडजवळच्या सोमर्टन येथील समुद्रकिनाऱ्यावर एक निनांवी प्रेत सांपडलें. त्याच्या खिशांत उमर खय्यामच्या रुबायांच्या पुस्तकांतून फाडलेला कागदाचा एक तुकडा होता, आणि त्यावर ‘तमाम शुद’, म्हणजे ‘समाप्त’, एवढेंच छापलेलें होतें. माधव जूलियनांमुळें खय्याम आपल्या घरांतलाच. तेव्हां या दोन शब्दांनीं काय काय कल्पना उठल्या असतील तें आपणांस सहज कळेल. हेर, गुप्त लिपि, निराश प्रेम, असे तर्क सत्तर वर्षें चालले. २०२२ मध्यें डेरेक ॲबट या प्राध्यापकानें, मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या ठशांत अडकलेल्या केंसांवरून व वंशावळीवरून, तो मेलबर्नचा कार्ल वेब नांवाचा विद्युत्-यंत्रांचा कारागीर असल्याचें जाहीर केलें. काव्यानें इतकीं वर्षें लोकांस रिझविलें. नांव मात्र एका केंसानें दिलें.

याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारच्या गोव्याचें आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा १६२४ मध्यें इराणांत शिराझ येथें वध झाला, आणि तिच्या अस्थींचा कांहीं भाग ऑगस्टिन पंथाच्या साधूंनीं जुन्या गोव्यास आणिला. मठ पुढें कोसळला, आणि अस्थि कोठें आहेत हें कोणास उमजेना. परंतु जुन्या पोर्तुगीज कागदांत त्यांची जागा लिहिलेली होती : मठाच्या अमुक दालनांत, अमुक खिडकीपाशीं, दगडी पेटींत. तेवढ्या शब्दांच्या आधारानें या शतकाच्या आरंभीं पुरातत्त्व खात्याच्या उत्खननांत एक हाताचें हाड मिळालें; हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रानें त्याची परीक्षा केली; मातृवंशाची जी खूण मिळाली ती भारतीयांच्या नमुन्यांत आढळली नाहीं, जॉर्जियाच्या नमुन्यांत आढळली. २०२१ मध्यें त्या अस्थि जॉर्जियाच्या स्वाधीन झाल्या. कोणा लेखकानें खिडकी कितवी तें लिहून ठेविलें नसतें, तर तें हाड कोठल्या तरी ढिगाऱ्यांतच राहतें. नेमका शब्द चारशें वर्षें वाट पाहूं शकतो, हें या उदाहरणावरून सिद्ध होतें.

आतां आमच्या अपराधाकडे येतों. कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या दिवसांत, आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याचे काका बेपत्ता झाले होते. तालुक्याच्या गांवीं जातों म्हणून निघाले ते परतले नव्हते. वर्तमानपत्रांत देण्यासाठीं त्यानें निवेदन लिहून आणलें होतें. “सर, भाषा जरा बघून द्या. घाईंत लिहिलंय,” तो म्हणाला. आम्हीं चष्मा लावला आणि तें निवेदन ‘पाहिलें’. त्यांत एक वाक्य होतें : उजव्या पायाच्या करंगळीला नख नाहीं, लहानपणीं नांगराचा फाळ लागला होता. आम्हांस तें वाक्य ओबडधोबड वाटलें. वयोवृद्ध, प्रतिष्ठित गृहस्थाच्या पायाच्या करंगळीची चर्चा वर्तमानपत्रांत कशास, असें आम्हीं म्हटलें आणि तें खोडलें. त्याच्या जागीं “स्वभावानें शांत व मनमिळाऊ” असें घातलें. तो कांहीं बोलला नाहीं. गुरूनें खोडलेलें वाक्य विद्यार्थी परत लिहीत नाहीं.

पुढें सात महिन्यांनीं कळलें. शेजारच्या जिल्ह्यांत खाडीच्या तोंडाशीं एक प्रेत मिळालें होतें; चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. तेथील फलकावरील निवेदन आम्हीं मागाहून पाहिलें. आणि आश्चर्य असें कीं, तें चांगलें होतें! कोणा शिपायानें, कोणीं सांगितल्यावांचून, लिहिलें होतें : उजव्या पायाच्या करंगळीस नख नाहीं, जुनी इजा. त्या शिपायाचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु काशीराजाच्या पंक्तीस आम्ही त्यास बसवितों. त्यानें ‘हा’ बरोबर लिहिला होता. ‘तो’ आम्हीं खोडला होता. मुदत भरल्यावर प्रेताची विल्हेवाट लागली होती. ठेवलेल्या कपड्यांवरून व छायाचित्रांवरून घरच्यांनीं ओळखिलें तेव्हां दाखवावयास देह नव्हता. त्या सात महिन्यांत काकूंनीं दारास आंतून कडी घातली नाहीं, असें विद्यार्थी म्हणाला. घरीं पालाशविधि झाला. पळसाच्या पानांची प्रतिकृति करून तिला अग्नि दिला. आम्ही त्या दिवशीं तेथें होतों. पानांचा तो देह पाहत असतां, त्यास करंगळी कोठें असेल, असा विचार मनांत आला, आणि तेथें फार वेळ उभें राहवेना.

विद्यार्थ्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. “सर, तुम्हीं चांगल्यासाठींच केलंत,” एवढेंच तो म्हणाला. परंतु समीक्षकानें स्वतःस इतक्या स्वस्तांत सोडूं नये. चांगलें गद्य म्हणून आम्ही आयुष्यभर जें शिकवीत आलों, त्यांतील एक मोठा भाग सभ्यतेचा होता, नेमकेपणाचा नव्हता, हें आम्हांस त्या करंगळीनें शिकविलें. “शांत व मनमिळाऊ” हे शब्द खोटे नव्हते. ते कोणासही लावितां आले असते, एवढाच त्यांचा दोष. आणि हाच दोष आम्हीं या लेखाच्या आरंभीं फलकावरील गद्यास दिला आहे. आमच्या कित्येक कथाकादंबऱ्यांतील व्यक्तिवर्णनेंही याच कसोटीस लावून पाहावीं. नायिका गौर, नाजूक, बोलक्या डोळ्यांची असते; नायक उंच, तडफदार असतो. उद्यां हीं माणसें हरवलीं तर त्यांच्या लेखकांस तीं ओळखितां येतील काय?

महाभारताच्या स्त्रीपर्वांत गांधारी रणभूमीवरील स्त्रियांचें जें वर्णन करते, तें या विषयावरील सर्वांत भयंकर वाङ्मय होय. कोणी एक स्त्री तुटलेलें मस्तक एका धडास लावून पाहते, आणि तें त्याचें नव्हे हें तिच्या ध्यानीं येतें. पुढें युधिष्ठिर, ज्यांचें कोणी उरलेलें नाहीं अशा नाना देशांहून आलेल्या अनाथ वीरांचाही दाह करण्याची आज्ञा देतो. ओळख नाहीं म्हणून संस्कार नाहीं, असें तो म्हणत नाहीं. आणि त्या पर्वाच्या अखेरीस, मृतांस पाणी देतांना, कुंती सांगते कीं कर्णासही पाणी द्या, तो तुमचा वडील भाऊ होता. कर्णाची कवचकुंडलें सर्वांनीं पाहिलीं होतीं. खूण उघड्यावर होती. जिला ‘तो’ ठाऊक होता ती एकटी बोलली नाहीं. जीं ओळख वेळेवर सांगितली गेली नाहीं, तिच्यामुळें युधिष्ठिरास जिंकलेलें राज्य नकोसें झालें.

अलीकडे आम्ही वर्गांत एक निबंध देतों. विषय असा : आपल्या घरांतील एका माणसाचें असें वर्णन करा कीं, राजापूरच्या स्थानकावर उतरलेल्या परक्यास तो गर्दींतून काढितां यावा. मुलें प्रथम हंसतात, मग लिहावयास बसतात, आणि मग थांबतात. वडील प्रेमळ आहेत, आई कष्टाळू आहे, याच्या पुढें बहुतेकांची लेखणी जात नाहीं. आम्ही त्यांस रागें भरत नाहीं. घरीं जा, जेवतांना त्यांच्या हातांकडे पाहा, आणि उद्यां लिहून आणा, असें सांगतों. परवां एका मुलीनें आपल्या आजीविषयीं लिहून आणिलें : काजू फोडून उजव्या हाताचीं दोन बोटें टोंकाशीं काळीं, डाव्या कानाची पाळी फाटून शिवलेली, उजव्या पोटरीवर कोयतीचा आडवा व्रण. वाक्यें तुटक होतीं, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दोन चुका आम्हीं दुरुस्त केल्या; बाकी एकाही शब्दास हात लाविला नाहीं.